ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खरंच बिघडलाय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटोमॅटिक गाडीने जरा हिसका दिला की "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य कानावर पडतं आणि पाठोपाठ लाखाचा आकडा येतो. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो: थकलेली बॅटरी, फाटलेलं इंजिन माउंटिंग (इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार), ब्रेकचा स्विच, नाहीतर नुसतं गिअरबॉक्समधलं ऑइल कमी झालेलं. म्हणून खालच्या उत्तरांत स्वस्तातल्या तपासण्या आधी आणि गिअरबॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी, असाच क्रम धरला आहे.

माझ्या गाडीत नेमका कुठला ऑटोमॅटिक आहे, हे कसं ओळखू?

इथूनच सुरुवात करा. आपल्याकडे "ऑटोमॅटिक" म्हणून चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. एकाचं लक्षण दुसऱ्याला लावलं की निदान फसलंच म्हणून समजा.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम मोटर किंवा हायड्रॉलिक पंप करतो. २०१४ साली सेलेरियोबरोबर तो भारतात आला आणि आता वॅगन-आर, टियागो, पंच, क्विड अशा कितीतरी गाड्यांत आहे. सोपी खूण म्हणजे बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरला "पी" (पार्किंग) नसतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये नेहमीची क्लच प्लेट नसते. ऑइलमध्ये फिरणारी पाती ताकद पुढे देतात. इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही७००, ब्रेझा, अर्टिगा या त्यातल्या.

सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्याच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधून धावणारा पोलादी पट्टा, एवढाच मामला. होंडा सिटी, अमेझ, टर्बो मॅग्नाइट यांत तो मिळतो. ह्युंदाईने आपल्या सीव्हीटीला आयव्हीटी हे नाव दिलं आहे.

डीसीटीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी. फोक्सवॅगन त्याला डीएसजी म्हणते, टाटा डीसीए. २०२० पूर्वीच्या पोलो जीटी किंवा टर्बो व्हेन्यूमधले क्लच कोरडे, तर टाटाच्या डीसीएमधले ऑइलमध्ये बुडालेले. पुढे ट्रॅफिकचा विषय येईल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

डिकीवरच्या नावावर जाऊ नका. एकाच क्रेटामध्ये इंजिनाप्रमाणे आयव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर असे तिन्ही प्रकार आलेले आहेत. बलेनो २०२२ पूर्वी सीव्हीटी होती, त्यानंतर एएमटी झाली. गाडीच्या बिलावरचं व्हेरिएंट आणि सोबत आलेलं मॅन्युअल बघून खात्री करा.

गॅरेजला नेण्याआधी घरी काय करता येईल?

लिहून काढा. हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण "गाडी नीट चालत नाही" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत आधी काहीतरी सुटा भाग बदलला जातो आणि मग विचार होतो. पुढच्या चार गोष्टी टिपल्या तर अर्धं निदान तिथेच होतं.

त्रास गाडी थंड असताना होतो की गरम झाल्यावर? सकाळी पहिल्या किलोमीटरला त्रास आणि मग सगळं सुरळीत, असं असेल तर ऑइलची पातळी, जुनं झालेलं ऑइल किंवा कडक झालेले सील यांच्यावर संशय जातो. सकाळी छान आणि तासाभराच्या ट्रॅफिकनंतर बिघाड, असं असेल तर क्लच तापणं, ऑइल पातळ होऊन दाब घसरणं किंवा गरम झाल्यावर दगा देणारा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह).

कुठल्या गिअरला? एम मोडमध्ये (हाताने गिअर बदलायच्या) टाकून एकेक गिअर बदलत बघा. फक्त दोनातून तीनला जातानाच हिसका बसत असेल, तर सगळा गिअरबॉक्स खराब असण्याची शक्यता कमी होते. सगळ्याच गिअरांना बसत असेल, तर ऑइल, बॅटरी, माउंटिंग यांकडे वळा.

ॲक्सिलरेटर दाबताना होतं, सोडताना होतं की एकसारखा धरलेला असताना? आणि चौथी गोष्ट, त्या क्षणी आरपीएमचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा काय करतो? हे बघायला शेजारच्या सीटवर कोणीतरी बसवा आणि मोबाईलवर मीटरचं चित्रण करू द्या. गॅरेजच्या दारात पोचल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते, तेव्हा हा व्हिडिओ उपयोगी पडतो.

मल्टिमीटर आहे. बॅटरी तपासण्यात काही अर्थ आहे का?

आहे, आणि एएमटी व डीसीटीत तर ही पहिली तपासणी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२च्या खाली असेल तर ती अशक्त आहे. इंजिन सुरू असताना सहसा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसावा. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं नियंत्रण संगणकाकडे असतं, तिथे तो थोडा खालीवर होतो.) व्होल्टेज कमी पडलं की गिअर बदलणाऱ्या मोटरला आणि कंट्रोल युनिटला (गिअरबॉक्सच्या संगणकाला) पुरेशी ताकद मिळत नाही. मग गिअर पडत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर तीही साफ करून घ्या.

डी टाकल्यावर गाडी लगेच निघत नाही. किती उशीर चालतो?

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीत ब्रेक दाबून डी किंवा आर टाकला की सेकंदाभरात गाडीला हलकी ओढ जाणवायला हवी. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग एकदम धक्का, हे बरं लक्षण नाही. पहिला संशयित कमी झालेलं ऑइल. त्यामागून गळके सील, चोक झालेला फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागातला) दोष. डीला ठीक आणि फक्त आरला उशीर (किंवा उलट) असेल तर तसं आवर्जून सांगा. कारण पुढे आणि मागे जाण्यासाठी आतले वेगवेगळे क्लच कामाला येतात.

एएमटीत मात्र ब्रेक सोडल्यावर जेमतेम सरकणं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबणं हा स्वभाव आहे. गाडी नवी होती तेव्हाही ती अशीच होती का, हे आठवा.

आरपीएम वाढतो, आवाज वाढतो, पण गाडी उचलत नाही.

याला स्लिप म्हणतात आणि प्रकारानुसार त्याचा अर्थ बदलतो.

एएमटीत अर्थ सरळ आहे: क्लच प्लेट झिजली. मॅन्युअल गाडीत होतं तेच, फक्त पायाला जाणवत नाही. खर्च हजारांत सुटतो, पण प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचचं "लर्निंग" (कंट्रोल युनिटला नव्या क्लचची ओळख करून देणं) करून घेतलंच पाहिजे. ते न केल्यामुळे नवी प्लेट टाकूनही गाडी हिसके देत राहते आणि मग दोष पुन्हा भलत्याच भागावर जातो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये स्लिप दिसली की गाडी चालवणं कमी करा आणि ऑइल बघून घ्या. पातळी नुसती कमी असेल तर गळती शोधून, योग्य ऑइल भरून काम भागू शकतं. ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर आतल्या फ्रिक्शन प्लेट जळत आहेत. अशा वेळी जेवढे किलोमीटर पुढे ढकलाल तेवढं बिल फुगेल.

सीव्हीटीत ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो. हे त्याचं नेहमीचं वागणं; याच्या तक्रारी घेऊन लोक उगीच सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतात. पण एकसारख्या वेगाने, सपाट रस्त्यावर, पाय स्थिर असताना काटा आपोआप खालीवर होत असेल किंवा निघताना गाडी थरथरत असेल, तर पट्टा आणि पुलींकडे लक्ष द्यावं लागेल.

साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक गतिरोधक आहेत. टायर बॅलन्सिंग झालंय.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर एक छान चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला डाव्या पायाने जेमतेम स्पर्श करा, नुसता ब्रेकलाइट लागेल इतपत. डाव्या पायाची सवय नसेल तर हे मेकॅनिकला करू द्या. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा इशारा मिळताच कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (एकसारख्या वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सुटतो. त्या क्षणी थरथर थांबली आणि पुन्हा लॉक लागल्यावर परत आली, तर दोष त्या लॉक-अपमध्ये आहे. ऑइल जुनं झाल्यामुळे हे बऱ्याचदा होतं आणि नुसतं ऑइल बदलून ते गेल्याचीही उदाहरणं आहेत.

थरथर तशीच राहिली आणि चढावर, जास्त जोर लावताना वाढली, तर इंजिनाचा मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) तपासा: स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल. वळताना कटकट आवाज येत असेल तर ॲक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ ऐकू येत असेल तर चाकाचं बेअरिंग. यांतलं काहीही गिअरबॉक्स नाही.

पीमधून डीत किंवा आरमध्ये टाकताना "खट्ट" असा धक्का बसतो.

आधी माउंटिंग. बॉनेट उघडून एकाला बाजूला उभं करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून धरा आणि आर-डी-आर असं बदला. पाहणाऱ्याने गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही. इंजिन जागच्या जागी मोठी उसळी घेत असेल तर माउंटिंगचं रबर फाटलंय. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि बेढब गतिरोधकांवर हे रबर लवकर जातं. तेच बदलून "गिअरबॉक्सचा धक्का" थांबलेल्या गाड्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, तो बोटांवर मोजून सांगेल.

उतारावर लावलेली गाडी पीमधून काढतानाच मोठा आवाज होत असेल, तर तो बिघाड नाही, पार्किंगची पद्धत आहे. सगळ्या गाडीचा भार आतल्या एका छोट्या खिटीवर आलेला असतो. ब्रेक दाबून एनमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी लावा. आवाज त्याच दिवशी बंद होईल.

लिव्हर पीमधून हलतच नाही. क्रेन बोलावू?

थांबा. ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेकलाइट लागतात का, ते कोणाला तरी बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळतच नाही, म्हणून ती लिव्हर अडवून धरते. स्विच स्वस्त असतो. तात्पुरतं निघायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ते काढून, आतलं बटण दाबलं की लिव्हर सुटतो. फक्त ब्रेकलाइट बंद आहेत हे विसरू नका. मागच्याला तुम्ही थांबताय हे दिसणार नाही.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि पिकअप मेला. पेटलेला दिवा मात्र इंजिनाचा आहे.

हा लिम्प मोड. कंट्रोल युनिटला काहीतरी धोकादायक दिसलं की ते गिअर बदलणं बंद करून एखाद्याच गिअरवर, पुष्कळदा तिसऱ्यावर, गाडी चालू देतं, म्हणजे हळूहळू घरी किंवा गॅरेजला पोचता यावं. गाडी सुरक्षित जागी बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू केली तर कधी कधी ती पूर्ववत होते. पण म्हणून विषय संपत नाही. बिघाडाचा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला क्रमांक) मेमरीत राहतो. बॅटरीची वायर काढून "रीसेट" करू नका. त्याने पुरावा पुसला जातो आणि काही गाड्यांत गिअरबॉक्सने शिकलेल्या सवयीही जातात.

ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीतले कोड वाचणारं यंत्र) उपयोगी आहे का?

थोडाफार. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावून मोबाईलवर इंजिनाचे सर्वसाधारण कोड दिसतात. पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटकडे काही तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार वाचायला त्या युनिटपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा चांगल्या स्वतंत्र गॅरेजला असतो. नेहमी भेटणारे इतर कोड: पी०७१५ आणि पी०७२० हे वेग मोजणाऱ्या सेन्सरांचे, पी०७३० अपेक्षित गिअरचं प्रमाण न जुळल्याचा, पी०७४१ लॉक-अप क्लचचा, पी०२१८ ऑइल तापल्याचा.

कोड म्हणजे निकाल नव्हे. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि खरा दोष उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये निघाला, असं घडतं. पावसाळ्यात तर उंदीर बॉनेटखाली हमखास मुक्कामाला येतात.

घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये जळका वास येतो.

एएमटी आणि कोरड्या क्लचची डीसीटी, या दोघांचं हे दुखणं. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली की क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासत राहतो. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर पुढची टॅक्सी थांबली, की मागच्या नवख्या चालकाच्या गाडीचा वास सुटलाच. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर सपाट जागी थांबा, एन किंवा पीमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

ट्रॅफिकमध्ये वीत-वीत सरकू नका. पुढच्या गाडीला थोडी पुढे जाऊ द्या आणि मग एकदाच ब्रेक पूर्ण सोडून निघा. मागचा हॉर्न वाजवेल. क्लचचं बिल तो भरणार नाही. घाट उतरताना एनमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा उद्योगही बंद. एम, एल किंवा एस जे असेल ते वापरून इंजिनाच्या ब्रेकिंगवर उतरा.

वास एकदाच आला आणि नंतर गाडी नीट चालली, तर घाबरू नका. रोजच्या पुलावर येत असेल तर क्लच तपासून घ्या.

एएमटी गिअर बदलताना डोकं पुढेमागे हलतं. हा दोष आहे?

नाही. गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल करा, बरंच कमी होईल.

कंपनी म्हणते ऑइल "लाइफटाइम" आहे. मग बदलायचं की नाही?

माझं मत स्पष्ट आहे: बदलायचं. गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर नक्कीच. झेडएफ ही स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांत ऑइल बदला असं सांगते. तुमच्या मॅन्युअलमध्ये "सिव्हिअर" म्हणजे कठीण परिस्थितीचा तक्ता असेल तर तो बघा. धूळ, उकाडा, रखडत चालणारी वाहतूक हे सगळं त्यात मोडतं, म्हणजे पुण्या-मुंबईची जवळजवळ प्रत्येक गाडी.

पातळी बघणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. जुन्या गाड्यांत डिपस्टिक असायची, आता बहुतेकांत नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, खालच्या बोल्टमधून जास्तीचं बाहेर पडू देऊन पातळी ठरवतात. गाडी रॅम्पवर सपाट हवी आणि तापमान बघायला स्कॅनर हवा. "थोडं टॉप-अप करून देतो" म्हणणाऱ्याकडे यांपैकी काही नसेल तर नमस्कार करून निघा.

ऑइल तुमच्या गिअरबॉक्ससाठी सांगितलेलंच हवं. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाच्या सीव्हीटीचं एचसीएफ-२ ही नावं उगाच वेगवेगळी नाहीत. सीव्हीटीत साधं एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं ऑइल) गेलं तर पट्टा घसरू लागतो. ड्रेन करून भरण्याच्या पद्धतीत सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये उरतं. त्यामुळे काही जण थोड्या अंतराने दोन-तीनदा ड्रेन करतात आणि ते ठीकच आहे. फार मोठं रनिंग झालेल्या, कधीच ऑइल न बदललेल्या आणि आधीच स्लिप होणाऱ्या गाडीला मशीन लावून दाबाने फ्लश करायला मात्र मी सांगणार नाही.

नवं ऑइल बहुधा लाल असतं, काहींचं हिरवट किंवा निळसरही. तपकिरी म्हणजे वापरलेलं. गुलाबी लस्सीसारखं दुधट दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून पाणी मिसळलंय. ती गाडी तिथेच बंद करा.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेली. आता काय बघू?

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्या वर होतं का? गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. गाडी ठीक वाटत असली तरी त्याच आठवड्यात ऑइल तपासून घ्या आणि कनेक्टर कोरडे करून घ्या. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर सुरू करण्याचा प्रयत्न करू नका. विम्यात इंजिन-गिअरबॉक्सचं वेगळं कव्हर घेतलं आहे का, ते पॉलिसीत वाचा. साध्या पॉलिसीत या नुकसानावरून वाद होतात.

बंद पडलेली ऑटोमॅटिक ढकलून सुरू होते का? दोरी लावून ओढू का?

ढकलून सुरू होत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून किंवा सरळ फ्लॅटबेडवर चढवून न्या. इंजिन बंद असताना बहुतेक ऑटोमॅटिकमधला ऑइल पंप फिरत नाही, त्यामुळे चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर आतले भाग कोरडे घासतात.

मेकॅनिक म्हणतो पूर्ण गिअरबॉक्स बदला. काय विचारू?

कोड कुठले आले, ते कागदावर मागा. ऑइल काढून दाखवायला सांगा आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा: राखाडी बारीक लगदा नेहमीचा, चमकणारे तुकडे वाईट. नुसता सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी, एएमटीचा ॲक्चुएटर (क्लच आणि गिअर हलवणारा भाग) किंवा डीसीटीचा क्लच सेट वेगळा बदलता येतो का, हे विचारा. सर्व्हिस सेंटर अनेकदा पूर्ण युनिट सुचवतं, कारण तिथे गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारा माणूस नसतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांत फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत, दुसरं मत तिथे घ्या. वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेर काहीही उघडू देऊ नका, आणि तक्रार जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वॉरंटी संपल्यावर तोच दोष पुन्हा आला, तर वाद घालायला हाच कागद लागतो.